एकेचाळिसावा बोया

होडीचे तांडेल जयवंत पराडकर यांची पन्नास वर्षं दर्यावर गेली होती, पण दर्यावर सुट्टी घालवायला ते पहिल्यांदाच निघाले होते. मुलीने, मनस्वीने, त्यांच्यासाठी नवी पँट आणली होती, ती कमरेत सैल होत होती. पंचबेटांच्या धक्क्यावर एका मुलीने त्यांच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातली, हातात शहाळं दिलं आणि "वेलकम सर" म्हटलं.

"माका सर म्हणू नको गो," ते म्हणाले. "मी निव्याचो."

मुलीला निवे ठाऊक नव्हतं. त्या धक्क्यापासून निवे बंदर दक्षिणेला जेमतेम साठ किलोमीटरवर होतं.

पाच दिवसांत पाच बेटं, रोज एक, अशी ही सफर होती. मोती, पोवळं, शंख, शिंपला आणि कवडी. दहा वर्षांपूर्वी इथे भरतीला बुडणारे उघडेबोडके खडक होते. त्यांवर लोखंडी जाळ्यांचे सांगाडे उभे केले, सांगाड्यांतून अगदी हलकी वीज सोडली, की समुद्राच्या पाण्यातला चुना त्या लोखंडावर थरावर थर बसत जातो. अशी ही बेटं वाढवली होती. त्यांच्याभोवती पोवळ्यांची रोपं लावली होती, वर माड, झावळ्यांच्या खोल्या आणि पोहण्याचे तलाव. मनस्वीचा नवरा आमोद दिघे पंचबेट कंपनीचा मुख्य शास्त्रज्ञ होता. सफर त्यानेच ठरवली होती.

"बाबांना जरा बाहेर काढू," तो म्हणाला होता. "किती दिवस ओटीवर बसून राहणार ते? मी तिसऱ्या दिवशी येतोच."

मनस्वीला ते ऐकून बरं वाटलं होतं. ती कोल्हापूरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. आई गेल्यापासून बाबांची काळजी तिच्या पोटात सतत असायची. आणि बाबा ओटीवर बसून होते ते आळसाने नव्हे. निव्याच्या पाण्यात मासळी उरली नव्हती. सहा वर्षांपूर्वी आधी खडपांतली, पाण्याखालच्या खडकांतली, माशांची बारीक पिल्लं दिसेनाशी झाली. मग तांबोशी गेली, मग गोब्रा. मागच्या वर्षी तांडेलांनी आपली होडी ओढून माडाखाली उपडी घातली. आमोदने त्यांना समजावलं होतं, "पाणी तापलंय, बाबा. सगळ्या जगात हेच चाललंय." शिकलेला जावई सांगतोय म्हटल्यावर तांडेलांनी मान हलवली होती.

मोती बेटाखाली एक काचेचा बोगदा होता. त्यातून चालताना दोन्ही बाजूंना आणि डोक्यावरून मासे जात होते. तांबोशीचे लालभडक थवे, गोब्र्याची तोंडं, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे नखाएवढी पिल्लं. धुरळा उडावा तशी ती काचेपलीकडे उडत होती. पर्यटक हात वर करून फोटो काढत होते. तांडेल एका जागी उभे राहिले. त्यांनी काचेवर तळवा टेकवला आणि बराच वेळ काढला नाही.

"हे आमचे," ते म्हणाले.

आपल्याकडे मिळायचे तसलेच, असं त्यांना म्हणायचं असेल, असं मनस्वीला वाटलं. "होय बाबा," ती म्हणाली आणि त्यांना हाताला धरून पुढे घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पोवळं बेटावर सकाळी वल्हवायच्या छोट्या प्लास्टिकच्या होड्या दिल्या गेल्या. दोघं एका होडीत बसली. तांडेलांनी चार हातांत होडी बाहेर काढली, मग वल्हं पाण्यात सरळ खाली सोडलं, त्याचं वरचं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. मनस्वीने हे लहानपणापासून पाहिलं होतं. जुने तांडेल मासळी अशीच ऐकायचे. पाण्यातला आवाज लाकडातून कानात येतो. इथे लाकूड नव्हतं, पण काम भागत होतं.

तांडेलांनी डोळे उघडले. वल्हं तिच्यापुढे धरलं.

"आयक."

तिने कान लावला. आधी तडतड ऐकू आली, कढईत मोहरी उडावी तशी. कोळंबीच्या जातीचे बारके जीव आपल्या नांग्या वाजवतात त्याचा तो आवाज. मग माशांचे हुंकार, घोगरे, एकमेकांवर चढलेले. जिवंत खडपाचा आवाज असाच असतो. आणि मग त्या सगळ्याच्या तळातून आलं, ठक्. थोडं थांबून, ठक् ठक्.

मनस्वीने तो आवाज लगेच ओळखला.

निव्यासमोरच्या खडपावर जुन्या काळी एक मालवाहू बोट फुटली होती. तिच्या एका लोखंडी झाकणाची बिजागरी अजून शाबूत होती, आणि लाट आली की ते झाकण आपटायचं. एका लाटेला एकदा, परतीच्या पाण्याला दोनदा. निव्याचे लोक त्याला म्हातारीचं दार म्हणायचे. मनस्वीने तो आवाज सातव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला होता. चार वर्षांच्या या पोवळं बेटाखाली कुठलीही बोट बुडालेली नव्हती.

"बाबा, हो आवाज हय कसो?"

तांडेलांनी वल्हं तिच्या हातातून घेतलं आणि होडी किनाऱ्याकडे वळवली. "जावयांका इचार," एवढंच ते म्हणाले.

तिला विचारावं लागणार होतंच, पण अर्धं उत्तर तिच्यापाशी होतं. चौदा वर्षांपूर्वी ती एम.एस्सी. करत असताना आमोद तिला भेटला. माशांची पिल्लं आपलं घर कसं शोधतात यावर तो संशोधन करत होता. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पहिले काही आठवडे उघड्या समुद्रात प्रवाहाबरोबर वाहतं. त्याला डोळ्यांनी दूरचं दिसत नाही. पण त्याच्या कानात चुन्याचे बारीक खडे असतात, त्यांनी त्याला ऐकू येतं. नखाएवढं झालं की ते गजबजलेल्या खडपाचा आवाज शोधतं आणि त्या दिशेने पोहत सुटतं. जिथे गलबला तिथे घर. मुकं खडप त्याला सापडतच नाही, त्याच्यावरून ते तसंच वाहून जातं.

हे आवाज टिपायला आमोदला चांगलं खडप हवं होतं. त्याला निव्याला मनस्वी घेऊन गेली. त्या खडपावर नेमकं पोचायचं तर डोंगरावरचा एक सुळका आणि देवळाचा कळस एका रेषेत धरावा लागतो. ही खूण तांडेलांच्या घराबाहेर कोणाला सांगत नसत. मनस्वीने बाबांना गळ घातली, आणि बाबांनी आपल्या होडीतून तीन महिने रोज त्याला तिथे नेलं. चौथ्या महिन्यात लग्न ठरलं.

तिसऱ्या दिवशी शंख बेटावर आमोद आला. आल्याबरोबर सासऱ्यांच्या पाया पडला. "बाबा, कसं वाटतंय?" त्याने विचारलं. तांडेल म्हणाले, "बरा असा."

मनस्वी त्याला बाजूला घेऊन गेली. "इथे पाण्यात जो आवाज वाजतोय तो निव्याचा आहे."

आमोद हसला. तो खूश झाला होता. "ओळखलास? आमच्या टीममध्ये कोणाला ओळखता येणार नाही. चल, दाखवतो."

बेटाच्या मागच्या बाजूला त्याची नियंत्रण खोली होती. एका अख्ख्या भिंतीवर किनाऱ्याचा नकाशा होता आणि त्यावर पिवळ्या ठिपक्यांची माळ, पाच बेटांपासून दक्षिणेकडे उतरत गेलेली. आमोद उभ्या उभ्या समजावत होता. एवढ्या उत्साहात तो बरेच दिवस बोलला नव्हता.

"याला आम्ही हाकारा म्हणतो. पाण्याखाली कर्णे लावून खडपाचा आवाज वाजवला तर पिल्लं येतात, हे जुनंच आहे. पण तो आवाज फार लांब जात नाही. मी काय केलं, एक कर्णा ठेवण्याऐवजी साखळी केली. दर दीड किलोमीटरवर नांगरलेला एक तरंगता बोया, प्रत्येकाखाली कर्णा. प्रत्येक बोया मागच्यापेक्षा किंचित मोठ्याने वाजतो. पिल्लाला वाटतं आपण घराच्या जवळ जवळ चाललोय. हिवाळ्यात प्रवाह उत्तरेकडे असतोच. ते पोहत राहतं, पुढे, पुढे, आणि बेटांवर पोचतं. साठ किलोमीटर, मनस्वी. जगात कोणी केलेलं नाही."

मनस्वी ठिपके मोजत खाली गेली. "हा शेवटचा. एकेचाळीस. हा कुठे आहे?"

"निव्याला."

"ते पिवळे बोये वादळाची सूचना देणारे आहेत, असं तू गावात येऊन सांगितलंस. मी तिथे होते. बाबांनी सभा बोलावली होती."

"देतात की सूचना. तेही यंत्र आहे त्यात."

"बोया कधी टाकला?"

"सहा वर्षं झाली."

"खडपावर पिल्लं किती बसतात हे तुम्ही मोजत असाल."

"अर्थात."

"दाखव."

त्याने दाखवायला नको होतं. पण तो शास्त्रज्ञ होता आणि आलेख चांगला होता. भिंतीवर नकाशाशेजारी तो उमटला: निव्याच्या खडपावर दर हंगामाला, एका चौरस मीटरमागे बसलेली पिल्लं. त्रेसष्ट, अठ्ठावन्न, एकसष्ट. मग एकेचाळिसावा बोया. मग एकोणीस, आठ, पाच, तीन, दोन. त्याखाली पाण्याच्या तापमानाची रेघ होती. ती वर चढत होती हे खरं, पण हळूहळू, आणि बोयाच्या आधीही तशीच चढत होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला हा आलेख दाखवला असता तर त्यानेही दुसऱ्या कुठल्या कारणाचं नाव घेतलं नसतं.

मनस्वीने खिशातून फोन काढला आणि त्या भिंतीचा फोटो घेतला. आमोदने तिला अडवलं नाही. बायको फोटो घेतेय, यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

"तुला पाच वर्षांपासून माहीत आहे," ती म्हणाली.

"नीट ऐक. निसर्गात शंभरातली नव्याण्णव पिल्लं मरतातच. आम्ही त्यांतली कितीतरी वाचवतो. या किनाऱ्यावरचे एकूण मासे वाढलेत. कमी नाही झाले, वाढलेत. फक्त जागा बदललीय."

"बाबांनी होडी उपडी घातली तेव्हा तू आमच्या ओटीवर बसून चहा पीत होतास. पाणी तापलंय म्हणालास."

"तापलंयच ना. आणि यावर उपाय आहे. पुढच्या टप्प्यात प्रत्येक गावाला त्याचा स्वतःचा हाकारा देणार आहोत. वार्षिक भाड्यावर. निव्याला पहिला देऊ, सवलतीत."

"आणि निव्याला कोणता आवाज वाजवणार?"

"तिथलाच," आमोद म्हणाला. "आता ते खडप मुकं झालंय, पण चौदा वर्षांपूर्वीचा आवाज आहे आपल्याकडे."

मनस्वीला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आयुष्यात तिला कोणालाही मारावंसं वाटलं नव्हतं. तिने हात पाठीमागे घेऊन एकमेकांत अडकवले. तिला सगळ्यांत जास्त संताप येत होता तो त्याच्या चेहऱ्याचा. त्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. गणित सुटल्याचं समाधान होतं.

"उद्या शिंपला बेटावर बाबांचं छोटंसं चित्रीकरण आहे," तो पुढे म्हणाला. "पुढच्या गुरुवारी मालवणला साखळीच्या परवान्याची जनसुनावणी आहे. एक जुना तांडेल म्हणतोय की समुद्रात मासळी परत आलीय, तर लोकांचा विश्वास बसेल. खोटं कुठे आहे त्यात? त्यांनी डोळ्यांनी पाहिलीय."

सुट्टी कशासाठी होती ते आत्ता तिला कळलं.

बाबा किनाऱ्यावर एका खुर्चीत बसले होते. त्यांच्या शेजारी वैजू वहिनी वाळूत उकिडवी बसली होती. निव्याची वैजयंती कुबल, वीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन मासे विकलेली. आता ती शंख बेटावर चादरी धुवायची. मनस्वी आली तशी ती उठली, "मनू, बारीक झालंस गो," म्हणाली आणि कामाला निघून गेली.

मनस्वी बाबांपुढे गुडघ्यांवर बसली. जे पाहिलं ते सगळं तिने सांगितलं. साखळी, बोया, आलेख, चित्रीकरण. तांडेल समुद्राकडे बघत ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"तुका म्हायत होता," ती म्हणाली.

"पयल्याच दिसाक कळला. त्या काचेत. आमच्या खडपातल्या गोब्र्याक शेपटीकडे येक काळो पट्टो असता. दुसरीकडे खय नसता."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"काय बोलतलंय? तुझो संसार असा थय."

"माझ्या संसारासाठी तू गप्प रवलंस?" तिचा आवाज चढला. शेजारच्या छत्रीखालचं जोडपं वळून बघायला लागलं. "सगळा गाव उपाशी बसलो आणि तू माझ्यासाठी गप्प? मी तुका सांगललंय?"

तांडेलांनी आपले दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवले, जणू ते हात त्यांचे नव्हतेच.

"मी त्या बोयाची राखण केलंय, मनू," ते म्हणाले. "सा वर्सां. पोरांका सांगलंय, थय जाळी टाकू नकात, बोयो तुटात. दोन येळा साखळी सुटलेली, मी बुडी मारून बांधलंय. आमच्या घरातली पोरां कोण हाक मारून व्हरता, आणि मी त्याच्यासाठी दार उघडा धरून उभो."

मनस्वीला वाटलं होतं की ती आमोदवर रागावलीय. आता तिला कळलं की त्या रागाला अजून तळ लागलेला नाही. खडपाची खूण फोडायला बाबांना तिनेच भाग पाडलं होतं. एकविसाव्या वर्षी, प्रेमात पडून.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला शिंपला बेटावर तेजल नावाची कंपनीची प्रसिद्धी अधिकारी कॅमेरा घेऊन तयार होती. तिने तांडेलांच्या डोक्यावर एक जुनी लाल टोपी ठेवली आणि हातात जाळं दिलं. ते जाळं सजावटीचं होतं, त्याला शिशाची वजनं नव्हती. तांडेलांनी ते हातात तोलून पाहिलं.

"आजोबा, एवढंच म्हणायचं," तेजल म्हणाली. "मी जयवंत पराडकर, पन्नास वर्षं समुद्रावर आहे. एवढी मासळी मी आयुष्यात पाहिली नव्हती."

आमोद कॅमेऱ्यामागे उभा होता. त्याने सासऱ्यांकडे बघून मान हलवली, आपुलकीने.

तांडेलांनी मनस्वीकडे पाहिलं. तिला त्या नजरेतून स्पष्ट दिसलं, ते म्हणणार आहेत. ते वाक्य ते उच्चारतील, नीट, जावयाच्या मनासारखं, मग निव्याला जाऊन पुन्हा ओटीवर बसतील आणि मरेपर्यंत उठणार नाहीत.

"मी जयवंत पराडकर," ते म्हणाले.

मनस्वी पुढे गेली. तिने बाबांच्या हातातलं जाळं काढून घेतलं, डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही तेजलच्या टेबलावर ठेवलं. "झालं," ती म्हणाली. "बाबा, ऊठ. घरी जाऊया."

"मनस्वी, दोन मिनिटांचं काम आहे," आमोद म्हणाला.

"तुला जे हवं होतं ते तू चौदा वर्षांपूर्वी आमच्या होडीत बसून घेऊन गेलास. आता त्यांचं तोंडही पाहिजे?"

"सगळ्यांसमोर नको."

"सगळ्यांसमोरच. गुरुवारी आणखी लोक असतील."

आमोदचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. त्याला तो फोटो आठवला असावा. तो तिच्या मागे धक्क्यापर्यंत आला. तो हळू आवाजात बोलत होता, समजूत घालत होता. बेटांवर चारशे माणसं कामाला आहेत, त्यांतली सत्तर निव्याच्या पंचक्रोशीतली. साखळी बंद झाली तर दोन वर्षांत बेटांभोवतीचं पाणी रिकामं होईल. ती चालत राहिली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून ती आणखी चिडली. खरं बोलायला त्याने बरोबर आजचा दिवस निवडला होता.

बापलेक दुपारच्या बोटीने परतली. कवडी बेट त्यांनी पाहिलंच नाही.

गुरुवारी मालवणच्या सभागृहात दोनशेवर माणसं होती. अध्यक्ष म्हणून शिर्के नावाच्या बाई आल्या होत्या, करड्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या. आमोदने अर्धा तास छान भाषण केलं. मग मनस्वी उठली. तिने आपलं नाव सांगितलं, आपण कोणाची मुलगी आणि कोणाची बायको तेही सांगितलं. मग आलेखाचा फोटो पडद्यावर लावला आणि वर्गात शिकवते तसं शिकवलं. पिल्लू कसं ऐकतं. साखळी कशी ओढते. मुकं झालेलं खडप का मुकंच राहतं. मासे कमी झाले की गलबला कमी होतो, गलबला कमी झाला की येणारी पिल्लं कमी होतात, असं करत करत एक दिवस सगळं शांत.

"त्या खडपाची जागा यांना मी दाखवली," ती शेवटी म्हणाली. "म्हणून हे सांगायची जबाबदारी माझी आहे."

आमोदच्या वकिलाने हरकत घेतली. माहिती गोपनीय होती, घरातल्या विश्वासाचा गैरफायदा घेऊन मिळवली होती. शिर्केबाईंनी आमोदला एवढंच विचारलं, "आकडे चुकीचे आहेत का?"

आमोदने मनस्वीकडे पाहिलं. खोटं बोलायला त्याला काहीच अडचण नव्हती. पण आकडे त्याचे होते.

"नाहीत," तो म्हणाला.

मागच्या रांगेतून वैजू वहिनी उठली. सगळ्यांना वाटलं ती मनस्वीच्या बाजूने बोलेल.

"मनू, तू मास्तरीण," ती म्हणाली. "तुझो पगार येतलो. माझो खयसून येतलो? मासे गेले तेवा मी त्या बेटार चादरी धुवूक गेलंय. आता मासे परत येतले म्हणतंस. येयसर मी काय खाव? तुका राग इलो तो बरोबर. माझ्या रागाचा काय करतंस?"

"माका म्हायत नाय, वहिनी," ती म्हणाली, आणि खाली बसली.

आठवड्याने निर्णय आला. संपूर्ण साखळी बंद करण्याइतका पुरावा नाही. मात्र प्रयोग म्हणून निव्यासमोरचे शेवटचे तीन बोये एक हंगाम काढून ठेवावेत आणि त्याचा परिणाम मोजावा. बाकीचे अडतीस चालू राहतील. आमोदने फोन केला. "तुझं म्हणणं अर्धं तरी मान्य झालं," तो म्हणाला. "आता घरी ये." मनस्वी म्हणाली की तिने कॉलेजातून वर्षभराची बिनपगारी रजा घेतलीय आणि ती निव्याला राहणार आहे. मग तिने त्याला विचारलं, "त्या पाच वर्षांत एकदाही तुला रात्री झोप लागली नाही, असं झालं?" तो विचार करत राहिला. तो प्रामाणिकपणे आठवत होता हे तिला कळलं आणि तिने फोन ठेवला.

डिसेंबरच्या शेवटी कंपनीची बोट येऊन तिन्ही बोये उचलून घेऊन गेली. अर्ध्या तासाचं काम. किनाऱ्यावर गाव गोळा झालं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तांडेलांनी होडी सरळ केली. भेगा बुजवल्या होत्या, तेल दिलं होतं. बापलेक खडपावर गेली. मनस्वीने डोळ्यांना पाण्यात बघायची काच लावली, श्वास भरून घेतला आणि बुडी मारली.

खडप करडं होतं, शेवाळलेलं, पण बारीक तडतड अजून थोडी शिल्लक होती. पहिल्यांदा तिला काहीच दिसलं नाही. मग फुटक्या बोटीच्या फळीमागे काहीतरी चमकलं. ती जवळ गेली. नखाएवढी पिल्लं होती, पारदर्शक, आतला काटा दिसावा अशी. फळीमागे, दगडाखाली, पोवळ्याच्या मेलेल्या फांद्यांत. तिने हात पुढे करताच सगळी एकदम वळली आणि पुन्हा एकदम परत आली. शेपटीकडे काळा पट्टा असलेली दोन गोब्र्याची पिल्लं तिच्या बोटाशी आली आणि बघत थांबली.

ती वर आली. होडीची कड धरून धापा टाकत राहिली.

"असत?" तांडेलांनी विचारलं.

"असत."

"किती?"

"मोजूक जमला नाय."

तांडेलांचे ओठ हलले. मनस्वीला वाटलं ते हसतील, किंवा डोळ्यांना पाणी येईल. तिला स्वतःला आनंद व्हायची वाट ती बघत होती. तो आला नाही. आला तो तोच संताप, पण आता त्याला नेमका आकार होता. एवढंच करायचं होतं. तीन बोये. अर्ध्या तासाचं काम. हे सहा वर्षांपूर्वी करता आलं असतं, पाच वर्षांपूर्वी, आलेखावर पहिल्यांदा एकोणीस आकडा आला त्या दुपारी. त्यासाठी काही शोध लावायचा नव्हता. एका माणसाने एक कळ बंद करायची होती. दर सकाळी तो त्या कळीसमोर चहाचा कप घेऊन बसत होता आणि दर सकाळी त्याने ती चालू ठेवली होती.

तिने बाबांना हे सगळं सांगितलं, पाण्यातच, कड धरून, शब्द फुटतील तसे. तांडेलांनी तिला वर ओढून घेतलं. टॉवेल दिला. मग त्यांनी, आयुष्यात आवाज न चढवलेल्या माणसाने, उत्तरेकडे तोंड करून एक अशी शिवी घातली की मनस्वी त्यांच्याकडे बघतच राहिली. शिवी पाण्यावरून दूरवर गेली.

ते पुन्हा बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "अडतीस नंबरचो बोयो खयच्या गावासमोर असा?"

"वेळवाडीच्या."

"थयलो तांडेल कोण?"

"म्हायत नाय. जाऊन इचारुक व्हया."

"तो तुझो कागद असा मा जवळ?"

तिने पिशवी चाचपली. आलेखाच्या छापील प्रती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या होत्या, अडतीस बोयांसाठी अडतीस. "असा," ती म्हणाली.

वारा दक्षिणेचा होता. तांडेलांनी शीड वर ओढलं, सुकाणू काखेत धरलं आणि होडीचं तोंड वेळवाडीकडे वळवलं.